नाटकाच्या प्रयोगाचे चित्रीकरण: बाजूच्या कॅमेऱ्यावरच्या माणसाने काय तयारी करावी?

प्रश्न: मांडवातला कॅमेरा

नमस्कार. मी आजवर लग्नसमारंभ, संस्थांचे वार्षिक कार्यक्रम आणि गाण्याच्या मैफिली यांचे चित्रीकरण केले आहे. आता प्रथमच एका दोन अंकी व्यावसायिक नाटकाच्या चित्रीकरणासाठी बोलावणे आले आहे. प्रयोग पुण्यातल्या एका मोठ्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर होणार असून चार कॅमेरे आणि ऑनलाइन मिक्सिंग (म्हणजे प्रयोग चालू असतानाच कॅमेऱ्यांचे शॉट निवडून जोडणे) अशी व्यवस्था आहे. माझ्याकडे तिसरा कॅमेरा, म्हणजे प्रेक्षकांच्या उजव्या हाताला भिंतीलगत उभा राहणारा कॅमेरा दिला आहे आणि त्यावर मुख्यतः क्लोज (केवळ चेहरा) आणि मिड (कमरेपर्यंत) शॉट घ्यायचे आहेत.

मैफिलीत कलाकार एका जागी बसलेला असतो आणि लग्नात निसटलेला क्षण वधूवरांना पुन्हा उभे करून टिपता येतो. येथे दोन्ही सोयी नाहीत. माझ्या शंका अशा, की बोलणाऱ्या पात्रामागे कॅमेरा आपणहून न्यावा की दिग्दर्शकाने टॉकबॅकवर, म्हणजे हेडसेटमधून, सांगेपर्यंत थांबावे. दृश्यागणिक प्रकाश बदलत असताना एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) कसे सांभाळावे. आणि चित्रीकरणापूर्वी नाटक पाहणे खरोखर आवश्यक आहे का, कारण त्या वेळेचे मानधन मिळणार नाही.

उत्तर: दुसरी रांग, डावा कोपरा

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. नाटक पाहिल्याशिवाय कॅमेऱ्यामागे उभे राहू नका. मानधन मिळत नसेल तर निर्मात्याच्या व्यवस्थापकाकडे एक पास मागा; तो सहसा मिळतो. शक्य असल्यास दोनदा पाहा: पहिल्यांदा केवळ प्रेक्षक म्हणून आणि दुसऱ्यांदा तुमच्या कॅमेऱ्याची जागा जेथे असेल त्याच्या जवळच्या खुर्चीवर बसून. दुसऱ्या वेळी संहितेची प्रत मांडीवर असू द्या आणि कोण कोठून प्रवेश करतो, कोण उठतो, कोणत्या वाक्यावर हशा येतो एवढेच पेन्सिलीने टिपा. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ मध्ये हेलन मिरेन यांच्या ‘फेद्र’पासून नाटके चित्रपटगृहांत थेट दाखवण्यास सुरुवात केली. त्या उपक्रमात प्रक्षेपणापूर्वी खास कॅमेऱ्यांसाठी तालमी घेतल्या जातात. आपल्याकडे निर्मात्याला तेवढा वेळ आणि पैसा परवडत नाही, म्हणून ती तालीम कॅमेरामनने स्वतःच्या डोक्यात करायची असते.

आता जागेविषयी. तुम्ही प्रेक्षकांच्या उजवीकडे आहात, म्हणजे रंगमंचाच्या डाव्या भागात उभा राहून उजवीकडे पाहणारा नट तुम्हाला जवळजवळ समोरून दिसेल आणि तुमच्या बाजूला उभा असलेला नट बहुतेक वेळ पाठमोरा किंवा अर्धा दिसेल. त्यामुळे तुमचे खरे काम लांबच्या नटाचे आहे. जवळचा नट डावीकडच्या कॅमेऱ्याचा. नवीन माणूस नेमका उलट वागतो, कारण जवळचा नट मोठा आणि सोपा दिसतो. दोन पात्रे रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना समोरासमोर असतात तोवर सगळे कॅमेरे एकाच बाजूला राहतात आणि नजरेच्या दिशा आपोआप जुळतात. एक पात्र मागच्या खिडकीपाशी गेले आणि दुसरे पुढे प्रकाशझोतात आले, की त्या दोघांना जोडणारी नजरेची रेषा प्रेक्षागृहाकडे वळते आणि उजवा व डावा कॅमेरा तिच्या दोन बाजूंना पडतात. तेव्हा दिग्दर्शक एका बाजूचा कॅमेरा सोडून मधल्या कॅमेऱ्यावर विसंबतो. अशा वेळी तुमचा शॉट बराच वेळ घेतला गेला नाही तर अस्वस्थ होऊन काहीतरी नवीन शोधत बसू नका.

बोलणाऱ्यामागे धावावे का? माझे मत स्पष्ट आहे, धावू नये. नाटकात वाक्य एकाचे असते आणि घटना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घडते. दिग्दर्शकाला दोन्ही हवे असतात, म्हणून कोणता चेहरा कोणत्या कॅमेऱ्याचा हे आधी ठरवलेले असते. तुम्ही बोलणाऱ्याकडे वळलात की ऐकणाऱ्याचा शॉट कोणाकडेच राहत नाही. मात्र ठरवलेल्या पात्राची हालचाल तुम्हाला त्याच्या आधी कळली पाहिजे. नट उठण्यापूर्वी पाय आत घेतो, वजन पुढे टाकतो, हातातली वस्तू खाली ठेवतो. त्या क्षणी थोडे बाहेर या, म्हणजे त्याचे डोके चौकटीबाहेर कापले जाणार नाही. हशा येईल तेथे नट थांबतो. तुम्हीही थांबा, कारण तो थांबलेला चेहरा दिग्दर्शकाला हमखास हवा असतो.

यंत्रासंबंधी थोडेच लिहितो. तुमच्या जागेपासून नटापर्यंतचे अंतर बरेच असणार, म्हणून लेन्स लांब टोकाला राहील आणि फोकसची खोली फारच कमी होईल. लहान सेन्सरच्या प्रसारण कॅमेऱ्यांवर हे निभते. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा दिला असेल तर डायफ्रॅम (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) थोडा बंद ठेवता येतो का ते विचारा, अन्यथा नट पाऊलभर पुढे आला तरी डोळे धूसर होतील. ऑटोफोकस आणि ऑटो आयरिस (ते छिद्र आपोआप उघडणारी-मिटणारी सोय) दोन्ही बंद ठेवा. ब्लॅकआउटमध्ये ते अंधारात चाचपडू लागतात आणि प्रकाश आल्यावर दोन सेकंद वाया घालवतात. तिपाईच्या हेडच्या ड्रॅगचा (कॅमेरा फिरवताना जाणवणाऱ्या विरोधाचा) ताण प्रयोगाआधी जुळवा, मध्येच हात लावू नका.

आणि बोलू नका. पहिल्या रांगांतल्या माणसाला हेडसेटमधली कुजबुजही ऐकू येते. दिग्दर्शकाने प्रश्न विचारला तर कॅमेरा हलकासा वरखाली केला म्हणजे होकार आणि डावीउजवीकडे केला म्हणजे नकार, ही जुनी पद्धत आजही चालते. अर्थात तुमचा शॉट बाहेर जात नसताना. टॅली (तुमचा शॉट बाहेर जात असल्याचे दाखवणारा दिवा) आणि मॉनिटरचे लुकलुकणारे दिवे काळ्या टेपने झाका.

उत्तर: डिमर बोर्ड

एक्स्पोजरचा प्रश्न कॅमेऱ्याचा वाटतो, परंतु तो निम्मा आमचा, म्हणजे प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांचा आहे. प्रकाशयोजना माणसाच्या डोळ्यासाठी केलेली असते आणि डोळा अंधारी खोली व प्रकाशझोतातला चेहरा एकाच वेळी सांभाळतो. कॅमेऱ्याला ते तितके जमत नाही. म्हणून कॅमेरा युनिटने प्रयोगाच्या दिवशी दुपारी, नेपथ्य उभे राहिल्यानंतर, प्रकाशयोजनाकाराला सगळे क्यू (ठरलेले प्रकाशबदल) एकदा चालवून दाखवण्याची विनंती करावी आणि दोन टोके पाहून ठेवावीत: सर्वांत तीव्र चेहरा आणि सर्वांत मंद दृश्य. तीव्र चेहरा जळणार नाही असे एक्स्पोजर धरा आणि मंद दृश्य मंदच राहू द्या. रात्रीचे दृश्य पडद्यावर दुपारसारखे दिसले तर ते नाटक आमचे राहत नाही.

व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार कॅमेऱ्याची जुळवणी) ऑटोवर अजिबात ठेवू नका. हॅलोजन दिवे ३२०० केल्विनच्या आसपासचे असतात आणि डिमर (दिव्याचे तेज कमीजास्त करणारे यंत्र) खाली आणला की आणखी पिवळे होतात; एलईडी दिव्यांचे वेगळेच असते. चारही कॅमेऱ्यांवर एकच आकडा ठेवा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका, कारण कॅमेऱ्याकॅमेऱ्यांतला फरक प्रेक्षकाला लगेच खटकतो, तर दृश्यातला पिवळेपणा तो प्रकाशयोजना म्हणून स्वीकारतो. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे २५ फ्रेमला १/५० शटर ठेवणे सुरक्षित असते, तरी काही स्वस्त एलईडी पार मंद केल्यावर चित्रात पट्टे उमटवतात. ते दिवे पूर्ण तेजावर तपासून कळत नाही. अगदी कमी टक्क्यांवर आणून तपासा. गडद निळ्या प्रकाशात चेहऱ्याचा तपशील हरवतो, कारण कॅमेऱ्याचा निळा भाग आधीच भरून वाहू लागतो; अशा क्यूमध्ये थोडा पांढरा मिसळता येईल का, हे दुपारी विचारा. मध्यंतरात विंगेत येऊन ‘जरा लाइट वाढवा’ असे म्हणणारे कॅमेरामन मी पाहिले आहेत. त्या वेळी होकार मिळाला तरी दुसरा अंक पहिल्याशी जुळत नाही.

उत्तर: मागच्या बाकावरचा लेखक

वरील दोघांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी एका बाबतीत वेगळे मत नोंदवतो. रंगमंचावरचा अभिनय बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा अशा मापाचा असतो. तोच चेहरा क्लोजमध्ये दिसला की नट जास्त करतो आहे असे वाटते आणि दोष अकारण नटाच्या माथी येतो. त्यामुळे तिसऱ्या कॅमेऱ्याने क्लोज हा नियम न मानता अपवाद मानावा आणि कमरेपर्यंतचा मिड हे आपले घर समजावे. हातही नाटकात बोलतात. क्लोज घेतला की ते कापले जातात.

याशिवाय एक गोष्ट कोणी काढलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांच्या प्रयोगावरील हक्कांना स्थान मिळाले आणि आज हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. संमतीशिवाय प्रयोगाचे दृश्य मुद्रण करणे हा त्याचा भंग ठरू शकतो. संहितेचा हक्क नाटककाराचा, तो वेगळा. तुम्ही केवळ कॅमेऱ्यावर असलात तरी लेखकाची आणि नटांची लेखी परवानगी निर्मात्याने घेतली आहे का, हे कामापूर्वी विचारण्यात गैर काही नाही.

उत्तर: दुसरी रांग, डावा कोपरा

क्लोजबद्दलचा आक्षेप अर्धा मान्य. मोठ्या आवाजाच्या, विनोदी नाटकात मिडच योग्य. परंतु दोन पात्रांच्या शांत नाटकात, जेथे नट आवाज खाली आणतो आणि अख्खे प्रेक्षागृह पुढे झुकते, तेथे कमरेपर्यंतचा शॉट प्रेक्षकाला दूर ठेवतो. शेवटी हा निर्णय दिग्दर्शकाचा असतो. आपण दोन्ही माप हाताशी ठेवावे आणि सांगितल्यावर विनाविलंब द्यावे, एवढेच.

उत्तर: ध्वनिमुद्रक

आवाज तुमच्या कॅमेऱ्यावर अवलंबून नसेल, तरी कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा. नंतर जुळवणी करताना तोच आधार ठरतो. नाट्यगृहाच्या मिक्सरवरून येणारा आवाज स्वतंत्र घ्यावा लागतो आणि हशा व टाळ्यांसाठी प्रेक्षकांकडे तोंड केलेले माइक वेगळे लावावे लागतात, नाहीतर पडद्यावर नट ओस घरात बोलत असल्यासारखा वाटतो. रेकॉर्डिंग तिसऱ्या घंटेच्या आधी सुरू करा आणि पहिला अंक संपेपर्यंत थांबवू नका. काही जुने स्टिल कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर स्वतःच थांबतात; असा कॅमेरा युनिटमध्ये असेल तर आधीच बाजूला काढा.

मांडवातला कॅमेरा

सर्वांचे आभार. पास मिळाला असून शनिवारचा प्रयोग पाहणार आहे. परवानगीविषयी विचारल्यावर व्यवस्थापकांनी कराराची प्रत दाखवली. दिग्दर्शकांनी आणखी एक पर्याय सुचवला आहे: प्रेक्षकांसमोरचा प्रयोग पूर्ण घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या प्रेक्षागृहात निवडक प्रवेश पुन्हा करून जवळून घ्यायचे. यात माझ्या कामात काय बदल होईल?

उत्तर: दुसरी रांग, डावा कोपरा

पुष्कळ बदल होईल आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. प्रयोगाच्या रात्री तुम्ही क्लोजचा मोह सोडून मिड आणि टू शॉट (दोघांचा एकत्र शॉट) घट्ट धरू शकता, कारण चेहरे सकाळी मिळणार आहेत. त्यासाठी रात्रीचा तुमचा झूम, कॅमेऱ्याची उंची आणि जमिनीवरची तिपाईची जागा टेपने खूण करून लिहून ठेवा, म्हणजे सकाळचा शॉट रात्रीच्या शॉटशेजारी बसेल. नटांच्या हातातल्या वस्तू कोणत्या वाक्याला कोणत्या हातात होत्या, पदर कोणत्या खांद्यावर होता, पेला किती भरलेला होता, हे दिग्दर्शकाच्या सहायकाने टिपायचे असते. तरी तुमच्या पात्रापुरते तुम्हीही टिपा. सकाळी हशा नसतो, म्हणून नट नकळत वेगाने बोलू लागतात. ज्या वाक्यावर रात्री हशा आला होता तेथे त्यांना थांबायची आठवण करून देणारा कोणीतरी समोरच्या खुर्चीवर बसवायला दिग्दर्शकांना सांगा, आणि ते काम स्वतःवर घेऊ नका, कारण त्या वेळी तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरवर असला पाहिजे.