मेडोस्वीटची फुलं बासुंदीत चालतील का?

गॉलवेकरीण
जुलै लागला की आमच्याकडे आयर्लंडमध्ये ओलसर कुरणांत आणि चरांच्या कडेला मेडोस्वीट नुसतं माजतं. लालसर दांडे, कमरेच्या वर उंची, शेंड्याला सायीच्या रंगाचे झुबके. फुलाला मध-बदामाचा वास, पण पान चुरगळलं की थेट सांधेदुखीचं मलम! एकाच झाडाला दोन वास कसे? शेजारच्या आजी म्हणतात, घरात आणू नकोस, झोपलेला माणूस उठत नाही. आणि मला शनिवारी बासुंदीत घालायचंय. कुणी वापरलंय?

रानवाटा
मलमात मिथाइल सॅलिसिलेट असतं, तेच या झाडातही आहे. त्याचं भावंड सॅलिसिलाल्डिहाइड १८३०च्या दशकात याच्या फुलांतून वेगळं काढलं. बायर या जर्मन औषध कंपनीने १८९९ मध्ये आणलेल्या ॲस्पिरिनचा माग काढलात तर एक धागा इथवर येतो. म्हणून ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना देऊ नका. लहान मुलांनाही नको.

आजींची समजूत जुनी आहे, पण उलट बाजूही तितकीच जुनी. जॉन जेरार्ड या वनस्पतीतज्ज्ञाने १५९७ मध्ये लिहून ठेवलंय की याच्या वासाने मन प्रसन्न होतं, उन्हाळ्यात घरात पसरायला याच्यासारखं दुसरं नाही. मी राहतो त्या वेल्सच्या एका जुन्या दंतकथेत तर याची अख्खी बाई केली! कथेचा नायक ल्यू, त्याला माणसाची बायको मिळणार नाही असा आईचा शाप. मग दोन जादूगारांनी ओक, ब्रूम नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप आणि मेडोस्वीट यांच्या फुलांतून ब्लोडेवेद घडवली. तिने पुढे नवऱ्यालाच मारायचा घाट घातला, शेवटी घुबड झाली. ते असो.

चुलीपुढची
वापरलंय, छान लागतं. फुलं धुऊ नका, वास पाण्याबरोबर जातो. पांढऱ्या कापडावर झटका, किडे पडतात. हिरवे देठ खुडून टाका, कडवट असतात. उकळत्या दुधात तर अजिबात घालू नका. बासुंदी आटवून गॅस बंद करा, बोट सोसेल इतकी निवली की मलमलच्या फडक्यात मूठभर फुलांची पुरचुंडी बांधून सोडा. वीसेक मिनिटांनी चाखा, आवडलं की काढा. वेलची नको, ती या वासाला वर येऊच देत नाही. चारोळी चालेल. उरलेली फुलं लिंबू घातलेल्या साखरेच्या पाकात रात्रभर ठेवून गाळलीत की सरबत तयार.

रानवाटा
एक राहिलं. अशाच ओल्या जागी हेमलॉक वॉटर ड्रॉपवॉर्ट उगवतं, तेही पांढऱ्या फुलांचं, आणि जहाल विषारी. त्याची फुलं कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारखी छत्रीसारख्या गुच्छांत येतात, पानंही तशीच. मेडोस्वीटचं पान वरून गडद, खालून बहुधा रुपेरी. नक्की ओळख पटल्याशिवाय हात लावू नका. गाड्यांच्या रस्त्याकडेची फुलंही सोडा.

गॉलवेकरीण
दोघांचे आभार! सासऱ्यांना त्याच गोळ्या चालू आहेत, त्यांची वाटी पुरचुंडी सोडायच्या आधीच वेगळी काढते. तिच्यात वेलची घालते, म्हणजे सासूबाईही गप्प बसतील.