अंदमानातली लवकर येणारी रात्र

या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की अंदमानात एकट्याने फिरताना संध्याकाळ खायला उठते, म्हणून हॅवलॉक-नील या बेटांच्या पुढे जाऊच नये. खायला उठते हे खरंय, पण पुढे जाऊ नये हे काही पटलं नाही. एक गोष्ट मात्र इथे कोणीच सांगितली नाही, ती म्हणजे तिकडे संध्याकाळ होते कधी! घड्याळ आपलंच भारतीय वेळेचं, पण अंदमान मुंबईपासून जवळपास २० रेखांश पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात ५ च्या सुमाराला सूर्य गुल आणि साडेपाचला चक्क काळोख. म्हणजे जेवणाआधी तीन तास हातात, आणि आपल्याला तर सवय सात वाजता चहा घेत बसायची.

मी अंदमानातल्याच लाँग आयलंड बेटावर गेले होते तेव्हा पहिल्या दिवशी याच हिशोबात फसले, तिथल्या ‘लालाजी बे’ किनाऱ्याच्या वाटेवरून टॉर्चच्या उजेडात धडपडत परत आले. दुसऱ्या दिवशी मग कुठे गेलेच नाही. दुपारीच आंघोळ, कपडे धुऊन दोरीवर, आणि चार वाजल्यापासून जेट्टीवर नुसती बसून. नेटवर्क नाही, एक आजोबा गळ टाकून बसलेले, तेही फार बोलणारे नव्हते. अंधार पडल्यावर पाल्यात खसफस सुरू झाली, आधी टरकले, बघते तर शंख पाठीवर घेऊन चाललेले खेकडे! साडेआठला झोपले आणि साडेपाचच्या सुमाराला उजेडाने उठवलं. फक्त वाळूत पाय पसरून बसू नका, सँडफ्लाय (वाळूतल्या बारीक माश्या) चावल्या की आठवडाभर खाजवत बसाल.