ईमेल एलियस : खरंच उपयोग आहे की नुसती हौस?

निवांत_नाना
कुठल्याही साइटला खरा ईमेल देणं मी बंद केलंय, त्याऐवजी एलियस देतो, म्हणजे मेल आपल्याकडे वळवणारा वेगळा पत्ता. फायरफॉक्स रिलेवर 5 पत्ते फुकट मिळतात, डकडकगोचे कितीही काढा फुकटच, आयक्लाउड प्लस असेल तर ॲपलचं हाइड माय ईमेल आहेच. मेल येतो आपल्या नेहमीच्या इनबॉक्समधेच, समोरच्याला फक्त तो भलताच पत्ता दिसतो. एका फर्निचरवाल्यांसाठी काढलेल्या पत्त्यावर मधे क्रिप्टोचे मेल यायला लागले, म्हणजे कुठून फुटलं ते आपोआप कळलं, पत्ता बंद केला, विषय कट.

ठेचा_भाकरी
नाना, आपल्याकडे ईमेल विचारतंय कोण हो? कपड्याच्या दुकानात बिल करताना काउंटरवरचा पोरगा आधी मोबाइल नंबर मागतो, तो आपण प्रसादासारखा वाटतो आणि मग दुपारी झोपेच्या वेळी पर्सनल लोनवाल्या मॅडम. नंबरला एलियस काढून दाखवा, मग मानतो.

निवांत_नाना
नंबर देऊच नका, बिल तरीही होतं, ठामपणे नाही म्हणून बघा. पण ईमेल म्हणजे बऱ्याच ठिकाणी लॉगिन असतं राव. 2020 ला बिगबास्केटचा डेटा फुटला त्यात ईमेल, फोन, पत्ते सगळंच होतं. असली यादी हातात आली की लोक तोच ईमेल दुसऱ्या साइटींवर लावून बघतात, आणि पासवर्ड सगळीकडे एकच ठेवणारे आपल्यात कमी नाहीत.

सदाशिव_पेठी
एवढं कशाला, जीमेलमधे नावापुढे, @ च्या आधी, +वाणी, +विमा असं काहीही लावा, मेल येतोच. शून्य खर्च.

कोडवाला_कोल्हापूर
पेठी, + पासून पुढचं उडवलं की खाली तुमचा खरा पत्ता, त्याला एका ओळीचा कोड पुरतो. वर निम्म्या साइटी + बघितला की इनव्हॅलिड ईमेल म्हणून फॉर्मच घेत नाहीत. इनबॉक्समधे फिल्टर लावायला ठीक आहे, लपायला नाही.

ठेचा_भाकरी
आणि रिफंड अडकल्यावर कस्टमर केअरला फोनवर तो एक्स-सेव्हन-क्यू-झेड वाला पत्ता स्पेल करून सांगायचा, तो म्हणणार सर या नावाने अकाउंट नाही. झालं!

मावशी_ऑनलाइन
मला वेगळीच भीती वाटते. बँक, डिमॅट, पीएफ, आयकर हे सगळं असल्या पत्त्यांवर टाकलं आणि उद्या ती सर्व्हिसच बंद पडली तर पासवर्ड रीसेटचा मेल जाणार कुठे? सिम्पललॉगिन हे एलियसवालंच, 2022 मधे प्रोटॉन या ईमेल कंपनीने घेतलं, ते चालू आहे म्हणून ठीक, पण प्रत्येकाचं असंच होईल याची गॅरंटी कोण देणार? शिवाय आमच्या ह्यांच्यासारखी माणसं घरात कुणाला काही सांगत नाहीत, मागे राहिलेल्यांनी कुठला पत्ता कशाचा ते शोधत बसायचं का?

निवांत_नाना
मावशी, १०० टक्के मान्य, पैशाचं काहीही एलियसवर नको. कूपन, सेल, वेबिनार, एकदाच लागणारं वायफाय, एवढ्यापुरतंच म्हणतोय मी.

सदाशिव_पेठी
मग स्वतःचं डोमेन, म्हणजे @ च्या पुढचं नाव, विकत घ्या की, कॅच-ऑल लावा म्हणजे @ च्या आधी काहीही असलं तरी मेल तुमच्याकडेच, हवं ते नाव द्या, कुणाच्या सर्व्हिसवर अवलंबून नको.

कोडवाला_कोल्हापूर
घ्या, पण ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला. डोमेन सुटलं तर दुसरा कोणीही ते विकत घेऊन कॅच-ऑल लावतो, मग तुमचे रीसेटचे मेल त्याच्या इनबॉक्समधे.