रेडिएशन रोज थोडं थोडं का?

कॅन्सरवर रेडिएशन देताना सगळा डोस एकदाच देऊन मोकळं का होत नाहीत, सहा-सहा आठवडे रोज खेपा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मलाही तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

१९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी एडक्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या डोसाने निर्बीज करायला जावं तर वरची कातडी होरपळायची. डोस विभागून दिला की काम व्हायचं आणि कातडीही वाचायची. रोज साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) देण्याच्या पद्धतीचं मूळ इथे आहे.

किरणांनी डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी दोन खेपांमधल्या तासांत बरीच डागडुजी उरकतात. कर्कपेशींची ही यंत्रणा बहुतेकदा अर्धवट मोडलेली असते. दुसरी भानगड ऑक्सिजनची. गाठीत रक्तवाहिनीपासून लांब पडलेल्या पेशी ऑक्सिजनविना गुदमरलेल्या असतात, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच चिवट होतात. त्यांना मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो आणि पुढच्या खेपेला त्याही तावडीत सापडतात.

काही वेळा सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात तेही यासाठीच: ते डीएनएला चिकटून दुरुस्तीत खोडा घालतं.

आणि केस गळण्याबद्दल: केमो रक्तातून सगळीकडे फिरतं, रेडिएशनने मात्र किरण पडतात तिथलेच केस जातात. छातीवर घेतलं तर डोक्याचे जात नाहीत.