'इनहिबिटर'ला काय म्हणावे? निरोधक, अवरोधक की रोधक?

अनुवादवही: कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांकरिता दोन पानी माहितीपत्रक मराठीत करते आहे. एका वाक्यावर गाडी अडली, त्यातल्या 'इनहिबिटर'वर, म्हणजे विकराचे (एंझाइमचे) काम रोखणाऱ्या पदार्थावर. मी लिहिले होते, 'हे औषध एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराचे स्पर्धात्मक निरोधक आहे.' माझी मावशी ही गोळी रोज घेते, म्हणून तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे विकार बरा करणारं ना? पण निरोधक कशाला म्हणतेस, ते तर गर्भनिरोधक!" मजकूर तपासणाऱ्यांनी 'अवरोधक' सुचवले आहे. तेही मला पटत नाही, कारण अवरोध म्हटले की आतड्याचा किंवा रक्तवाहिनीचा डोळ्यापुढे येतो. तुम्ही काय लिहाल?

धातुसाधित: निरोध, अवरोध, विरोध, प्रतिरोध आणि अनुरोधसुद्धा, सगळे एकाच 'रुध्' धातूचे. फरक उपसर्गाचा. 'नि'मध्ये आवरून धरण्याचा भाव आहे आणि लॅटिनमधल्या मूळ शब्दाचाही अर्थ 'आत धरून ठेवणे' असाच आहे. गर्भनिरोधकाने निरोधक हा शब्द कायमचा बळकावला असे का मानायचे? चांगला शब्द लाजून टाकून दिला की तो परत मिळत नाही. निरोधकच ठेवा.

रसायनबाई: अनेक वर्षे जीवरसायन शिकवले, म्हणून थोडे शब्दाआधीच्या गोष्टीबद्दल. हे विकर म्हणजे ८८८ अमिनो आम्लांची साखळी. तिचे एक टोक पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या (पटलांच्या जाळ्याच्या) पटलात रुतलेले असते आणि काम करणारा भाग बाहेर पेशीद्रवात असतो. अशा चार साखळ्या एकत्र येतात आणि क्रियास्थान दोन साखळ्यांच्या सांध्यावर तयार होते. तिथे एचएमजी-कोए हा कच्चा माल येऊन बसतो, हायड्रोजन पुरवणाऱ्या एनएडीपीएचचे दोन रेणू खर्ची पडतात आणि मेव्हॅलोनेट बनते, ज्यापासून पुढे कोलेस्टेरॉल होते. कोलेस्टेरॉल तयार होण्याचा वेग मुख्यतः याच पायरीवर ठरतो.

स्टॅटिनचे एक टोक एचएमजीसारखे दिसते, म्हणून ते त्याच जागेवर जाऊन बसते, आणि तेही हजारपटीहून अधिक घट्ट. म्हणजे वाट बंद होत नाही, बसायची जागा आधीच घेतली जाते. माझे मत: 'अवरोधक' इथे चूक आहे. वर्गात मी 'जागा अडवणारा' म्हणत असे आणि मुलांना ते लगेच कळे.

कोशकीटक: बाई, 'जागा अडवणारा' फारच छान. पण मग कुलूप-किल्लीचा दाखला सोडावा लागेल. विकर म्हणजे कुलूप आणि त्यात बसणारा रेणू म्हणजे किल्ली, हा दाखला रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९४ मध्ये दिला आणि आपण अजून तोच गिरवतो.

रसायनबाई: अगदी बरोबर, आणि याच विकराने तो अपुरा ठरवला! मानवी विकराच्या कार्यकारी भागाची सहा स्टॅटिनांसह रचना २००१ मध्ये क्ष-किरणांनी पाहिली गेली, तेव्हा दिसले की साखळीच्या शेवटाकडचा भाग आपली नेहमीची घडी सोडतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत औषधाचा जाड, पाण्याला न मानवणारा भाग सामावतो. किल्ली शिरताना कुलूपच आकार बदलते. हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसून होते.

साधीभाषा: रुग्णासाठीचा कागद आहे हे विसरू नका. 'इनहिबिटर' तर नकोच, पण निरोधक, अवरोधक, रोधक या सगळ्यांतून 'पूर्ण थांबवणारा' असा अर्थ निघतो. माझ्या वडिलांनी 'कोलेस्टेरॉल रोखणारी गोळी' असे वाचून, आता तयारच होत नाही तर तपासणी कशाला, असा समज करून घेतला होता. खरे तर काम मंदावते. शिवाय यकृताच्या पेशी आपल्याला कमी पडते म्हणून पृष्ठभागावर एलडीएलचे (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचे) ग्राही, म्हणजे ते पकडणारे रेणू, वाढवतात आणि रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेतात. रक्तातली पातळी उतरते ती बरीचशी यामुळे. 'विकराचा वेग कमी करणारे औषध' एवढेच लिहा.

धातुसाधित: ते वर्णन झाले, संज्ञा नव्हे. प्रत्येक संज्ञेचे असे वाक्य करत गेलो तर मराठीत शास्त्र लिहिताच येणार नाही.

साधीभाषा: आणि संज्ञा कळलीच नाही तर ते शास्त्र पोहोचले कोणापर्यंत?

अनुवादवही: दोन्ही पटते. 'स्पर्धात्मक'चे काय करू? स्पर्धात्मक म्हटले की परीक्षाच आठवते.

कोशकीटक: 'प्रतिस्पर्धी' करा. स्पर्धा औषधाची आणि एचएमजी-कोएची आहे, एनएडीपीएचशी नाही. त्याची जागा वेगळी असते. पण मावशींनी 'विकार' वाचले, खरी अडचण तिथे आहे. 'विकर' म्हणजे बदल घडवणारा, हे बरोबर, पण एका कान्याने रोग होतो! जुना 'वितंचक' का सोडला? संस्कृतात 'आतंचन' म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूनने 'एंझाइम' हा शब्द घडवला तोही खमिराच्या ग्रीक शब्दावरून. दोन्ही शब्दांमागे आंबवणे-विरजणेच आहे.

धातुसाधित: 'वितंचक' सुंदर आहे. पण पाठ्यपुस्तकांत विकर रुजला आहे, आता तो उपटू नये.

कोशकीटक: म्हणजे निरोधकासाठी व्युत्पत्ती आणि विकरासाठी रूढी? एकच कसोटी लावा ना.

रसायनबाई: मला तर 'रिडक्टेज' जास्त टोचते. त्यातल्या 'रिडक्शन'ला शाळेत आपण 'क्षपण' शिकवतो. क्षपण म्हणजे झिजणे, नाश. इथे तर रेणूत हायड्रोजनची भर पडते! धातुकातून धातू काढताना वजन घटते, त्यावरून आलेल्या इंग्रजी शब्दाची आपण उसनवारी केली आणि अर्थ उलटा झाला.

अनुवादवही: बाई, हे कधी लक्षातच आले नव्हते. मजकूर मात्र उद्या द्यायचा आहे. निरोधक की रोधक?

धातुसाधित: क्षपणाबद्दल असहमत आहे. 'क्षप्'ला संयमाचाही अर्थ आहे. सविस्तर लिहितो.