जुन्या गाडीचा आतला गंज : विदर्भातील वाहनधारकांचे अनुभव

दर्यापूर तालुका, शिक्षक (धागाकर्ता)

दारावर किंवा बॉनेटवर फुगलेला गंज सगळ्यांच्या नजरेत भरतो आणि डेंटिंग-पेंटिंगचा पहिला खर्चही त्याच्यावरच होतो. गाडीचा भार ज्यांच्यावर असतो ते भाग मात्र आतून सडत जातात आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. दारांखालची रनिंग बोर्डाची पोकळी, पुढचे शॉकअप ज्याच्या माथ्याशी कसलेले असतात तो एप्रन, सीटखालचे आडवे मेंबर (पत्र्याचे पोकळ आडवे आधार) आणि मागच्या ॲक्सलच्या दांड्या जिथे बोल्टाने धरलेल्या असतात त्या पत्र्याच्या पेट्या, हे ते भाग होत. मारुती ८००, ओम्नी, झेन, आल्टो या गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसिस नसते. दाबून आकार दिलेल्या पातळ पत्र्याच्या पेट्या स्पॉट वेल्डिंगने एकमेकींना जोडून जो सांगाडा होतो तीच त्यांची चॅसिस, आणि म्हणून तिथला गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी आपल्या खेड्यापाड्यांत आठवडी बाजारापासून दवाखान्यापर्यंतची कामे याच गाड्या करीत आहेत.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने गंज हे कोकणाचे दुखणे आहे, असा आपल्याकडे समज असतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे असलेल्या भागात, राहणाऱ्याने तरी तो बाळगू नये. आमच्या बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी वाळली की काचेवर पांढरे डाग उमटतात. तेच क्षार खालच्या पत्र्यावरही बसतात, हवेतील ओल धरून ठेवतात, आणि त्यांतील क्लोराइडमुळे गंजण्याचा वेग वाढतो. माझ्या २००४ सालच्या मारुती ८०० ची पहिली खूण अशी मिळाली, की पंक्चर काढण्यासाठी डावी बाजू जॅकवर चढवली असता मागचे दार उघडले ते पुन्हा लागेना, आणि गाडी खाली उतरवताच ते पूर्वीसारखे लागले. सांगाडा जॅकवर वाकत होता, एवढाच त्याचा अर्थ. रनिंग बोर्ड बाहेरून धड होता. खालचा पत्रा कापल्यावर मात्र आतून लाल पापुद्रे आणि काळी माती यांचा मिळून झालेला गारा निघाला, आणि पाणी निचरण्यासाठी कंपनीने ठेवलेली छिद्रे त्याच मातीने बुजलेली आढळली. काळी जमीन पाणी किती दिवस धरते हे शेतकऱ्याला सांगायला नको; गाडीच्या पोकळीत शिरलेली तीच माती तिथेही तेच करते.

ज्यांनी असा गंज प्रत्यक्ष उघडून पाहिला आहे त्यांनी तो कशावरून कळला, नेमका कुठे होता, कोणते काम करवून घेतले आणि ते पुढच्या पावसाळ्यांत टिकले का, हे सविस्तर लिहावे. गॅरेजचे किंवा विक्रेत्याचे नाव घालू नये.

हिंगणघाटजवळ, कृषी केंद्र चालक

गुरुजी, आमच्याकडे खारपाण नाही, पण खत आहे. आमची ओम्नी मृगाच्या आधीपासून खताच्या बॅगा वाहते. बॅगेची शिलाई कुठेतरी उसवलेली असतेच, आणि सांडलेले दाणे रबरी मॅटखाली जाऊन बसतात. युरिया हवेतील ओल ओढून घेतो, आणि आपण ज्याला नुसते पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणजे खारे पाणी गाडीतच तयार होते. मॅट उचलल्यावर फ्लोअरच्या नाळ्यांमध्ये घट्ट झालेली पांढुरकी पेंड दिसली, ती कलथ्याने खरवडू लागताच पत्राही सोबत सुटून आला आणि त्या भोकातून खालची फरशी दिसू लागली. फ्लोअरखालून जाणाऱ्या दोन लांब मेंबरांपैकी उजवा मेंबर ड्रायव्हरच्या सीटमागे हातभर सडलेला होता. इंजिन उत्तम असल्याने आम्ही फ्लोअर आणि मेंबर दोन्ही नवीन पत्र्याचे करून घेतले. आता खत न्यायचे झाल्यास खाली जाड प्लास्टिक पसरतो आणि हंगाम संपताच मॅट काढून गोड्या पाण्याने फ्लोअर धुतो.

पुसद, डेंटर

सर, वर आलेल्या दोन्ही गाड्यांसारख्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की जोड फुगतो, स्पॉट वेल्डिंगचे टाके एकेक करून उखडतात आणि रंगाला सरळ रेषेत तडा जातो. ही फुगलेली रेषा दाराखाली, चाकाच्या कमानीत किंवा बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या माथ्याभोवती दिसली, तर बाहेर सुईएवढे भोक असले तरी आत तळहाताएवढा पत्रा गेलेला आहे असे समजूनच मी कामाला हात घालतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास चांगला पत्रा टणक आवाज देतो आणि सडलेला मुका राहतो. शंका आल्यास बोथट पेचकसाने दाबून पाहावे. चांगल्या पत्र्याला त्याने काहीही होत नाही, त्यामुळे गाडीमालकाने रागावण्याचे कारण नाही.

बहुतेक गिऱ्हाइकांचे पहिले म्हणणे असते की पुट्टी भरून वरून रंग मारून द्या. दाराच्या खोचीला पुट्टी चालते, कारण दारावर गाडीचा भार नसतो. रनिंग बोर्डात पुट्टी किंवा एम-सील भरणे म्हणजे सडलेल्या बल्लीला रंग देऊन तिच्यावर छप्पर ठेवणे होय. दुसरा प्रकार पत्र्यावर पत्रा चढवण्याचा; यात जुना गंज आत तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या फटीत पाणी साचते, आणि दोन पावसाळ्यांत नव्या पत्र्याची कडही जाते. ग्राइंडरखाली पत्रा चकाकेपर्यंत मागे कापत जाणे आणि तिथे नवा तुकडा बसवणे, याला पर्याय नाही. सांगाड्याच्या भागाला मी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरतो. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून लावलेल्या गाड्याही मी उघडल्या आहेत, आणि त्या उघडताना लावणाऱ्याच्या हिमतीचे नवल वाटते.

रनिंग बोर्ड कापण्याआधी गाडी चारही बाजूंनी समतल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी लागते आणि दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाका मारून ठेवावा लागतो, नाहीतर पत्रा कापताच चौकट आवळली जाते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. बॅटरी काढलेली असावी, सीट आणि कार्पेट बाहेर असावे, आणि काम मागच्या बाजूला असल्यास पेट्रोलची टाकी उतरवूनच ठेवावी; घाईत हे टाळणाऱ्या कारागिराकडे गाडी देऊ नये. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळून भोके पडतात आणि गॅसने तो वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारे) असलेले ठिकाण शोधावे, मग त्यासाठी तालुक्याला जावे लागले तरी हरकत नाही.

वेल्डिंगनंतरचे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही. बाहेरून प्राइमर लागतो, पण वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचाही रंग जळून पत्रा उघडा पडलेला असतो, आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. लांब नळीच्या नोझलने पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे पातळ मेण, फवारले पाहिजे आणि निचऱ्याची छिद्रे पुन्हा पाडून मोकळी ठेवली पाहिजेत. खर्चाचा आकडा कापण्यापूर्वी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. कापलेले जुने तुकडे मालकाने मागून पाहावेत, म्हणजे किती काम झाले याचा वाद उरत नाही.

लाखांदूर तालुका, धान उत्पादक

आमची जीप पद्धतीची गाडी आहे, तिला वेगळी शिडीसारखी चॅसिस आहे, म्हणून गंजाची भीती नाही असे आम्हाला वाटत असे. चॅसिसचा पत्रा जाड असल्याने वेळ अधिक लागतो एवढेच. रोवणीच्या दिवसांत गाडी बांधीपर्यंत चिखलातून जाते, आणि चॅसिसच्या लांब्या पट्ट्याला आडवी पट्टी जिथे जोडलेली असते त्या कोपऱ्यात चिखल आणि तणस यांचा थर साचत जातो. धुताना पाण्याची धार तिथवर पोहोचत नाही. आमच्या गाडीचे मागील पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर ज्या ठिकाणी रिव्हेटने बसवलेले आहेत तिथले लोखंड थराथराने सुटू लागले होते, आणि गाडी रस्त्यावर किंचित तिरपी चालते असे मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाने सांगितले, तेव्हा आम्ही खाली पाहिले. शिवाय बॉडी चॅसिसवर ज्या रबरी गुटक्यांवर बसते, त्यांच्या वरचा बॉडीचा पत्राही दोन ठिकाणी फाटलेला होता. चॅसिसचे काम साध्या डेंटरकडे न देता ट्रकच्या चॅसिसवर काम करणाऱ्या नागपूरच्या कारागिराकडे दिले, कारण भार पडणाऱ्या पट्टीवर वेल्डिंग कुठे करावे आणि कुठे करू नये हे त्यालाच कळते, असे माझे मत झाले आहे.

मेहकरजवळ, आरोग्यसेविका

मी जुनी आल्टो पाहायला गेले तेव्हा गाडीखाली नवेकोरे काळे कोटिंग होते आणि विकणाऱ्याने ते गुण म्हणून सांगितले. माझ्यासोबत आलेल्या मामांनी अंगठा दाबला तर कोटिंग अजून मऊ होते, आणि सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे असतो तिथे दाबल्यावर पत्रा आत गेला. अपघातात ज्या बोल्टाने माणूस धरला जायचा, तोच कागदासारख्या पत्र्यात कसलेला होता. ती गाडी आम्ही घेतली नाही. जुनी गाडी घेताना खालचे ताजे कोटिंग पाहून आनंद मानू नये, असे मी इतर ताईंनाही सांगते. चिखलावर किंवा गंजावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडते. आणि डांबरी कोटिंगला आपल्या उन्हाळ्यात तडे गेले की त्याच तड्यांतून पावसाळ्यात पाणी शिरते.

राजुरा, निवृत्त मेकॅनिक

सांगाड्याविषयी सर्वांनी लिहिले आहे, म्हणून त्याच्याच आधाराने जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी पाइपाकडे लक्ष वेधतो. हा पाइप फ्लोअरखालून क्लिपांमध्ये अडकवून मागच्या चाकांपर्यंत नेलेला असतो. उघड्या भागात तो चांगला दिसतो आणि क्लिपच्या आत, जिथे चिखल अडकतो, तिथे तो गंजून बारीक होतो. जोरात ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हाच दाब सर्वांत जास्त असतो, त्यामुळे पाइप फुटतो तोही नेमका त्याच क्षणी. गेल्या काही दशकांतील मोटारींना ब्रेकची दोन सर्किटे असल्याने गाडी अजिबात थांबत नाही असे होत नाही, पण पॅडल खोल जाते आणि थांबायला बरेच अंतर लागते. फ्लोअरचे वेल्डिंग करवून घेत असाल तर हा पाइप त्याच वेळी पूर्ण नवीन टाकावा. फुटलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी घालणाऱ्याला थांबवावे.

आमगाव, निवृत्त तलाठी

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे सांगाड्याची तपासणी नूतनीकरणाआधी करून घ्यावी, पैसे भरल्यानंतर नव्हे. चॅसिस क्रमांकाची पेन्सिलीने छाप घेतात, आणि क्रमांकावर गंज चढला असेल तर ती नीट उमटत नाही. तो भाग तेल लावून कापडाने हलकेच पुसावा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर लावून आकडे झिजले तर छेडछाडीचा संशय येतो.

वणी, औषध विक्रेता

आमच्या झेनचे दोन्ही एप्रन, दोन्ही रनिंग बोर्ड आणि मागच्या ॲक्सलची एक पेटी गेलेली निघाली. डेंटरने प्रामाणिकपणे सांगितले की एवढे सगळे कापले तर मोजमाप धरायला मूळ भाग शिल्लकच राहणार नाही. आम्ही काम केले नाही आणि नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देऊन ती जमा केल्याचे प्रमाणपत्र घेतले. विम्यातून काही मिळेल का, असे काहींनी विचारले; गंज ही झीज धरली जाते आणि झिजेची भरपाई विम्यात नसते.

दर्यापूर तालुका, शिक्षक (धागाकर्ता)

डेंटरभाऊ, आमच्या भागात पोकळीत इंजिनचे जळके ऑइल ओतण्याची पद्धत आहे. ते योग्य आहे का?

पुसद, डेंटर

सर, काही काळ ते गंज थोपवते, हे नाकारत नाही. परंतु जळक्या ऑइलमध्ये इंजिनमध्ये तयार झालेले आम्ल आणि काजळी असते, ते सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर उतरले की रबर फुगते, वावरात टपकलेले जमिनीत जाते, आणि पुढे कधी वेल्डिंगची वेळ आली तर पेटते. त्याऐवजी पोळा आटोपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून मगच वॅक्स मारावे. त्याआधी सायकलच्या स्पोकने रनिंग बोर्डाची छिद्रे मोकळी करावीत. दारांच्या खालच्या कडेलाही तशीच छिद्रे असतात, ती पेंटरने रंग देताना बुजवलेली असतात, तीही पाहावीत. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साचला असेल तर तोही काढावा, कारण तिथे तुंबलेले पाणी डॅशबोर्डामागून फ्लोअरवर उतरते.