टेकडीवर नेऊन मुलांकडून कविता लिहून घ्यायच्यात, कसं करू?

टेकडीवाली:
आमच्या सोसायटीतल्या ८ ते ११ वयाच्या नऊ मुलांना जूनपासून दर रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर नेते. तिथे मुलं धमाल करतात पण घरी येऊन वही काढली की सगळ्यांचं सारखंच, 'झाडे हिरवी, पक्षी गाती, फुले डुलती वाऱ्यावरती'. अहो त्या सकाळी एकही फूल डुललं नव्हतं, उलट एकाला मृगाचा किडा सापडला होता, लाल मखमलीसारखा, आणि सगळी अर्धा तास त्याच्याभोवती उकिडवी बसली होती! तो किडा एकाच्याही कवितेत नाही. मला फार वाईट वाटलं. मी शिक्षिका नाही, कुठे चुकतंय?

जुनी_पाटी:
ताई तुमचं चुकत नाहीये, मुलांना वाटतं कविता म्हणजे पुस्तकातलं बोलायचं. मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, माझं ऐका, वही घरीच ठेवा. पोरं उकिडवी बसलेली असतात ना तेव्हाच विचारायचं, कसा चालतोय, कशासारखा दिसतोय, आणि ती बोलतील ते तुम्ही जसंच्या तसं लिहून घ्यायचं, 'तेच्या' म्हणाली तर 'तेच्या'च. बहिणाबाई चौधरींना कुठे लिहितावाचता येत होतं, घरात शेतात काम करता करता त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून आज आपल्या हातात आहे. माझ्या वर्गातली तिसरीची एक मुलगी म्हणाली होती, 'पत्र्यावर पाऊस आला की आई काय बोलती ते ऐकूच येत नाय'. अजून पाठ आहे मला.

झुंजूमुंजू:
आवाजापासून सुरू करून बघा. दोन मिनिटं डोळे मिटून बसवायचं, मग काय काय ऐकलं ते सांगायचं. पावशा ओरडतो त्यात शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू आलं कारण त्याच्या डोक्यात पेरणी असते, पण शहरातल्या मुलाच्या डोक्यात पेरणी कुठून असणार, मग त्याला काय ऐकू येतं ते विचारा ना! माझ्या मुलीला 'येतेस का' ऐकू आलं, खालून मैत्रीण हाक मारते तसं. आणि हो, छान आणि सुंदर हे दोन शब्द बंद करा.

छंदवेडा:
सगळं पटलं पण यमक अगदीच सोडू नका, मुलांना ताल आवडतो. दुसऱ्या दिवशी टिपलेल्या ओळी घेऊन ओवी करून बघा, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा छोटा आणि मोकळा, अक्षरं मोजायची कटकट नाही.

जुनी_पाटी:
चालेल, पण यमकासाठी मुलाचा शब्द बदलावा लागला तर यमक सोडायचं.

टेकडीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल वही नेलीच नाही, फक्त माझ्याकडे एक छोटी डायरी. एक मुलगा आहे, फारसा बोलतच नाही, त्याला पैसा किडा दिसला, हात लावल्यावर तो गोल झाला. बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, 'हा दार लावून घेतो. मी पण लावतो, पाहुणे आले की.' मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. म्हणे, ही कविता आहे? मी हो म्हटलं तर परत वाचायला लावलं, तीन वेळा.